झोप बे, मी जागी हाय

रेणक्का रेडिओच्या स्टुडिओत शिरताना चपला दाराबाहेर काढायची, देवाला करतात तसा माइकला वाकून नमस्कार करायची, आणि खुर्चीत बसली की तोंडाचा असा पट्टा सोडायची की तिथे खरोखर देव असता तर उठून गेला असता. मी काचेच्या पलीकडे बसायचो. आवाजाची बटणं माझ्या ताब्यात होती, आणि आमचं पहिलं भांडण झालं ते तिच्या बांगड्यांवरून. दोन्ही हातांत मनगटभर हिरव्या काचेच्या बांगड्या. हातवारे केल्याशिवाय तिला बोलता येत नसे, आणि प्रत्येक हातवाऱ्याला माइकमध्ये भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही कार्यक्रमापुरत्या बांगड्या काढून ठेवत जा."

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "अक्का म्हणायलास अन् वर तुम्ही म्हणायलास. एक कायतरी ठरव की बे." मग हात उंचावून बांगड्या मुद्दाम खळखळवल्या. "नवरा गेला तवा आळीतल्या बायका आलत्या ह्या फोडायला. त्यांनाबी सांगितलं, बांगड्या माझ्या आईनं भरल्यात, नवऱ्यानं न्हाय. मरणाला काढू दिल्या न्हाईत, तू कोण बे? बटणवाला!" त्या दिवसापासून मी बटणवाला झालो. स्टेशनात माझं खरं नाव पुढे फक्त हजेरीला उरलं.

बाहेरगावच्या माणसाला आमचं 'बे' उद्धट वाटतं. वाटो. सोलापुरात एकाच बोळात तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी नांदतात. समोरच्याला कुठल्या भाषेत काय म्हणून हाक मारावी हे ठरेपर्यंत माणूस निघून जातो. त्यापेक्षा 'बे' बरं. त्यात माया असते, राग असतो, आणि 'जेवलास का' हेही असतं. फक्त बाईमाणसाने ते चारचौघांत म्हणायचं नसतं असा एक संकेत आहे. रेणक्काने तो संकेत कधी ऐकलाच नव्हता, किंवा ऐकून सोडून दिला होता.

ती विणकरांच्या तेलुगू घरातली. नवरा मागावर, ही कळत्या वयापासून विड्या वळायला. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि मान खाली. ती म्हणायची, "हात गुतलेले, मान वाकलेली, मग मोकळं काय राह्यलं? तोंड!" विड्यांच्या कारखान्यात बायका एकमेकींच्या सासवांची, मुकादमाची, स्वतःच्या नवऱ्यांची जी नक्कल करायच्या, ती सगळी विद्या तिने तिथे घेतली होती. तिची जिवलग मैत्रीण नरसम्मा शेजारच्याच खोलीत राहायची. नरसम्मा गायची आणि रेणक्का दोन ओळींच्या मध्ये टोमणे मारायची. ह्या जोडीला मुकादमदेखील घाबरून असे.

आमच्या छोट्याशा एफएम स्टेशनच्या रात्रीच्या कार्यक्रमाचं कागदोपत्री नाव होतं 'निशिगंध'. एक कोवळा मुलगा कुजबुजत्या आवाजात चंद्राबद्दल बोलायचा आणि विरहाची गाणी लावायचा. एका रात्री फोन आला आणि थेट हवेत गेला. "ए बाळा, तुला बरं न्हाय का? कवाधरनं कण्हायलास." पोरगं गडबडलं. "आमी हितं नळाजवळ पाण्यासाठी जागायलोय. तू कुणासाठी जागायलास बे?" दुसऱ्या दिवशी लोकांचे फोन सुरू झाले, त्या कण्हणाऱ्याला झोपवा आणि त्या बाईला बोलवा. आमचे साहेब पुण्याहून बदलून आलेले, तरुण आणि हौशी. त्यांना वाटलं, एक दिवस गंमत करू. ती गंमत काही वर्षं चालली.

आल्या आल्या तिने नावाला हात घातला. "निशिगंध म्हणजे काय बे? उदबत्ती?" आणि स्वतःच हवेत जाहीर करून टाकलं की आजपासून ह्या कार्यक्रमाचं नाव 'झोप बे'. साहेबांनी कपाळाला हात लावला. पण नावामागे तिचा हिशेब साधा होता. आमच्या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कधी त्याहून उशिरा, आणि बहुधा गाव झोपेत असताना. बायका घागरी मांडून बसून राहतात. सकाळी त्याच बायका पेंगत कामाला जातात. रेणक्का म्हणायची, "झोपा बे तुमी. मी जागी हाय. पाणी आलं की उठवते." उशाशी बारीक आवाजात रेडिओ ठेवून अख्ख्या आळ्या तिच्या भरवशावर झोपायच्या. आणि पाण्याची खबर आली की ती गाणं मध्येच तोडून दोन्ही हात माइकपुढे धरायची आणि बांगड्यांचा असा कल्लोळ करायची की मेलेलं माणूस उठावं. ज्या बांगड्या काढायला मी सांगत होतो, त्यांचा आवाज पुढे मीच बटण वर सरकवून मोठा करायचो.

नळाच्या पाण्याला ती सहसा पाणी म्हणत नसे. जावई म्हणायची. का, तर चार-पाच दिवसांतून एकदा येणार, आधी कळवणार नाही, आला की घरातल्यांनी झोपेतून उठून धावपळ करायची, थोडा वेळ टेकून निघून जाणार, आणि तरी कुणी काही बोलायचं नाही. खबर द्यायचे गफूरमामा. ते चावीवाले, म्हणजे माणसाच्या छातीएवढ्या उंच लोखंडी चावीने गल्लीच्या तोंडचा व्हॉल्व फिरवून पाणी सोडणारे. सायकलवर चावी आडवी बांधून रात्रभर फिरायचे. त्यांचा फोन यायचा, "अक्का, दामाद निकले. साखर पेठकू जारे." की इकडे बांगड्या खळखळायच्या. "साखर पेठवाले, उठा बे! जावई आले! पदर सावरा, घागरी काढा!"

बाकी वेळ नुसता धुडगूस. कडक भाकरी माइकजवळ नेऊन कडाकड मोडायची आणि म्हणायची, "हा आपला ढोल." त्या ढोलावर फोनवरून नरसम्मा तेलुगू गाणं म्हणायची, मध्येच कुणी रिक्षावाला कव्वाली उचलायचा. रात्री ती राशिभविष्य सांगायची. "मेष, आज पाणी न्हाय. वृषभ, आज पाणी न्हाय. कुंभ, रिकामा राहील. मीन, तुमचं काय खरं न्हाय बे." विरहाची गाणी तिने बंद करून टाकली होती. एकदा एका दवाखान्यातल्या आयाबाईचा फोन आला, बोलता बोलता हुंदके द्यायला लागली. रेणक्काने तिचं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "सोलापुरात रडायचं न्हाय बे. पाणी वाया जातंय." पलीकडून त्या बाईचं फुटलेलं हसू. हे वाक्य पुढे गावात म्हणीसारखं झालं. माझी म्हातारी आई मला ते ऐकवायची.

आता त्या रात्रीचं सांगतो. उन्हाळा होता. विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, एका बाईचा फोन आला, "अक्का, आठवडा व्हायला आला, जावयाचा पत्ता न्हाय. रुसला का काय?" रेणक्का म्हणाली, "रुसतोय कशाला? काही बंगलेवाल्यांनी त्याला घरजावई करून ठेवलाय बे! तितंच न्हायलाय, तितंच गाड्या धुवायलाय, हिरवळीवर लोळायलाय. मग तुझ्या पत्र्याच्या खोलीत कशाला यील?" झालं. गाव हसून लोळलं. तिने कुणाचं नाव घेतलं नव्हतं, कुणाचा पत्ता सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टेशनासमोर गाड्या थांबल्या. गावात एक पुढारी होते, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. चौकाचौकात त्यांचे हात जोडलेले फलक. आमच्या स्टेशनला जाहिराती द्यायचे तेही तेच. भाऊसाहेब तणतणत केबिनमध्ये शिरले आणि ओरडले, "मला घरजावई म्हणती? माझ्या सासऱ्याच्या घरात मी राहीन नाहीतर काहीबी करीन, त्या विडीवालीचा काय संबंध?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. भाऊसाहेब सासऱ्याच्या बंगल्यात राहतात हे त्या क्षणापर्यंत आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. फलकावर ते लिहिलेलं नसायचं.

ते गेल्यावर साहेबांनी रेणक्काला बोलावून घेतलं. मीही दारात उभा होतो. साहेब वाईट माणूस नव्हते, पण नोकरी मोठी वाईट असते. ते म्हणाले, "मावशी, दोनच गोष्टी. आज रात्री भाऊसाहेबांचं नाव घेऊन माफी मागायची. आणि यापुढे कार्यक्रमात पाणी आणि जावई हा विषय बंद. बाकी काय वाटेल ते बोला. नाहीतर कार्यक्रम थांबवावा लागेल."

"साहेब, मी कुणाचं नाव घेतलं होतं का?"

"नाही."

"मग भाऊंना कसं कळलं मी त्यांना बोलायलेय?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते आम्ही त्या दिवशी भर दुपारी पाहिलं. रेणक्का पुढे म्हणाली, "माफीचं ठीक हाय. पण नाव घिऊन मागितली तर सगळ्या गावाला कळंल की. भाऊंना एकदा इचारून बघा, पायजे का." साहेबांनी खरोखर फोन लावला. पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. नाव घेऊनच माफी हवी, म्हणे, गावाने ऐकली पाहिजे.

बाहेर चहाच्या टपरीवर ती माझ्याशेजारी बसली. एरवी चहावाल्यालाही सोडत नसे, पण त्या दिवशी ग्लास हातात तसाच. म्हणाली, "भ्या वाटायलंय रे मला." तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "माफी मागायचं न्हाय. ते मागीन. पण सगळा जलम मान खाली घालून गेला बघ. सूप, पान, तंबाखू. ह्या माइकपुढं पैल्यांदा मान वर केली. हे गेलं की परत सूप." मी म्हटलं, "मग पाण्याचं सोड ना अक्का. बाकीचं बोल. लोक तेवढ्यानेही हसतील." तिने चहा बाजूला ठेवला. "मी त्यांना झोपा म्हणलंय बे. माझ्या भरवशावर झोपल्यात त्या. आता मीच गप बसले तर उठवंल कोण?" मला तिचा अभिमान वाटला आणि रागही आला, कारण तिच्याबरोबर माझीही नोकरी जाणार हे मला दिसत होतं.

रात्री साहेब स्वतः माझ्याशेजारी काचेपाशी येऊन उभे राहिले. रेणक्काने चपला काढल्या, माइकला नमस्कार केला. तिचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

"ऐका बे. आज मला माफी मागायचीय. मी म्हणलं होतं, बंगलेवाल्यांनी घरजावई करून ठेवलाय. आपले भाऊसाहेब..." आणि तिने त्यांचं आडनावासकट पूर्ण नाव घेतलं. "त्यांना वाटलं, ते मी त्यांनाच म्हणलं. भाऊसाहेब, आईच्यान न्हाय. मी पाण्याला म्हणलं होतं. तुमी सासऱ्याच्या घरात राहताव हे मला ठाऊकबी नव्हतं. गावालाबी नव्हतं. आता झालं."

साहेबांचा हात बटणाकडे आला. माझा तिथे आधीच होता, आणि मी तो काढला नाही.

"पाणीबी त्याच घरात राहतंय, तुमीबी त्याच घरात राहताव. म्हणजे तुमी दोघं साडू-साडू की बे! मग साडूला जरा सोडा की बाहेर. आमच्या आळीतबी त्याची सासुरवाडी हाय. चुकलं असंल तर माफ कर बे."

फोनचे दिवे एकदम पेटले. त्यातलाच एक गफूरमामांचा होता. मी तो जोडून दिला. "अक्का, दामाद निकले. विडी घरकुलकू जारे." तिने दोन्ही हात माइकपुढे धरले आणि बांगड्या अशा वाजवल्या की त्यातल्या दोन फुटल्या. मी बटण शेवटपर्यंत वर नेलं. "घरकुलवाले, उठा! जावई आले बे!" मग तिने फुटलेल्या काचा पदरात गोळा केल्या, माइकला नमस्कार केला, आणि चपला घालून निघून गेली. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांनाही नारळ मिळाला.

मी लग्नकार्याला स्पीकर भाड्याने द्यायचा धंदा काढला. रेणक्का परत सुपाकडे गेली. मी भेटायला गेलो की म्हणायची, "बघ, मान वरच हाय. हातांना सवय हाय, बघावं लागत न्हाय." गफूरमामा आता तिच्या मोबाइलवर फोन करायचे. ती पाणी सुटलेल्या आळीतल्या एका बाईला फोन करून उठवायची, ती बाई दारात उभी राहून बांगड्या वाजवायची, मग पुढची, मग तिच्या पुढची. रेडिओवर पुन्हा विरहाची गाणी लागली, पण जावयाची खबर एक रात्रही चुकली नाही. आणि पुढच्या वाढदिवसाला भाऊसाहेबांच्या फलकावर कुणीतरी रंगाने लिहून ठेवलं, 'जावईबापूंना शुभेच्छा'. ते रेणक्काचं काम नव्हतं. तिला लिहिता येत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. तंबाखूच्या धुळीने छाती आधीच खराब होती, चार दिवस खोकला वाढला आणि पहाटे संपली. मी पोचलो तेव्हा आळी भरून गेली होती. कुणी रडत नव्हतं. तिच्या दारात रडायची कुणाची छाती होणार? हातांतल्या बांगड्या तशाच होत्या, आणि त्या काढा असं म्हणायची एकाही म्हातारीची हिंमत झाली नाही. अडचण एकच होती. आळीत पाण्याची पाळी नव्हती, पिंपांचे तळ दिसत होते. शेवटच्या आंघोळीसाठी बायका आपापल्या घरातून तांब्या-तांब्या पाणी आणून एका घागरीत ओतत होत्या, आणि घागर भरत नव्हती.

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी गफूरमामांची सायकल आली. त्यांनी चावी सोडली, व्हॉल्वचं झाकण उचललं. नरसम्मा म्हणाली, "मामा, आज आपली पाळी न्हाय."

"मालूम है."

"तुमच्या साहेबानं इचारलं तर? नोकरी जाईल तुमची."

म्हाताऱ्याने चावी बसवली आणि सगळा भार टाकून फिरवली. "पूछने देव. बोलूंगा, दामाद आए थे. सास मर गई तो दामाद नै आएगा क्या?"

नळांनी आधी हवा सोडली, मग पाणी आलं. सगळ्या आळीत एकदम. बायका घागरी घेऊन धावल्या, बांगड्यांचा आवाज दाराकडून दाराकडे गेला, आणि तो ऐकून मला उगाच वाटलं की आता अक्का ओरडेल. पहिली घागर भरून नरसम्माने तिच्या उशाशी ठेवली. मग आमच्या सगळ्यांकडे वळून बघितलं, आणि तिचा आवाज फुटला.

"आलंय बे पाणी. रडा आता."